स्मार्टफोन व शेतकऱ्याचें दप्तर

शेतकऱ्याच्या घरीं जें जें नवें अवजार येतें, त्याची थोडीबहुत शिकवण घ्यावी लागते, हें सर्वांस मान्य आहे. विहिरीवर वीजपंप बसविला तर स्टार्टर कसा दाबावा, फ्यूज कोणता घालावा, हें आपण विचारून घेतों. औषध फवारण्याचा पंप आणला तर नोझल कोणतें बसवावें, हेंहि पाहतों. परंतु दहा-पंधरा हजार रुपयांचा स्मार्टफोन घरांत आला म्हणजे तो मुलांच्या हातीं देऊन मालक मोकळा होतो. वस्तुतः जमिनीचा उतारा, पिकाची नोंद, बँकेंतील शिल्लक व सरकारी अनुदान या सर्वांचा दरवाजा आज याच एका अवजारांतून उघडतो. आणि ज्या दरवाजानें धनी आंत जातो, त्याच दरवाजानें चोरहि आंत येऊं शकतो. म्हणून या फोनचा नित्य व्यवहार कसा ठेवावा, त्याचे गुण कोणते व मर्यादा कोठें, याविषयीं गेल्या वर्षभरांत आम्हांस जो अनुभव आला, तो वाचकांपुढें क्रमानें मांडीत आहों.

आम्ही सातारा जिल्ह्यांतील जावळी तालुक्यांत, मेढा येथें राहतों. महसूल खात्यांतील कारकुनी करून निवृत्त झालों असून घरची थोडी भाताची व घेवड्याची शेती पाहतों. आमचें सारें आयुष्य दप्तर संभाळण्यांत गेलें; त्यामुळें फोनकडेहि आम्ही दप्तर याच दृष्टीनें पाहतों. दप्तरास कुलूप लागतें, आवक-जावक लागते, पोंच लागते व सहीची जपणूक लागते. या चार गोष्टी ज्यानें पाळल्या, त्यास फोन फार उपयोगी पडतो, असें आमचें मत झालें आहे.

१. यंत्राची ओळख व खरेदी

फोनचें यंत्र निरनिराळ्या कंपन्या बनवितात. परंतु त्या यंत्राकडून काम करून घेणारी जी मूळ आज्ञावली, तिला अँड्रॉइड हें नांव आहे. ती ज्या लहान कंपनीनें आरंभिली, ती कंपनी गूगलनें इ. स. २००५ मध्यें विकत घेतली, व या आज्ञावलीवर चालणारा पहिला फोन इ. स. २००८ मध्यें बाजारांत आला. या आज्ञावलींत वेळोवेळीं दोष सांपडतात व ते बुजविणाऱ्या दुरुस्त्या फोनवर येत राहतात. त्यांस अपडेट म्हणतात. दुरुस्ती घेणें म्हणजे कौलारू घराची दरवर्षीं शाकारणी करण्यासारखें आहे. न केली तर एका पावसांत घर पडत नाहीं, पण गळती कोठून लागेल तें सांगतां येत नाहीं. यास्तव फोन घेतांना कॅमेरा किती मोठा, हें विचारण्याअगोदर, कंपनी या नमुन्यास किती वर्षें दुरुस्त्या देणार, हें विचारावें. स्वस्त म्हणून घेतलेल्या जुन्या नमुन्यास दुरुस्त्या बंद झालेल्या असल्या, तर बँकेचा व्यवहार अशा फोनवर करूं नये.

पावती घेतल्यावांचून फोन घेऊं नये. प्रत्येक फोनास १५ आंकड्यांचा आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# हें दाबलें असतां तो पडद्यावर दिसतो. तो पावतीवरील व खोक्यावरील क्रमांकाशीं ताडून पाहावा व घरच्या वहींत लिहून ठेवावा. जुना फोन घेणाऱ्यानें केवायएम हीं तीन इंग्रजी अक्षरें, मग एक जागा सोडून हा क्रमांक, असा संदेश १४४२२ या नंबरावर पाठवावा, म्हणजे तो फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे कीं काय, हें कळतें. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी या सेवेकडून तो बंद करवितां येतो. मात्र त्या वेळीं हा क्रमांक हाताशीं लागतो, व तो हरवलेल्या फोनांतून काढतां येत नाहीं. वहीचें महत्त्व येथें कळतें.

फोन हातीं आल्यावर पहिलें काम म्हणजे सेटिंगमध्यें जाऊन भाषा मराठी करणें व अक्षर मोठें करणें. ज्यांस अक्षरें जुळविण्याचा कंटाळा आहे, त्यांनीं मायक्रोफोनचें चिन्ह दाबून बोलावें. फोन मराठी बोलणें बऱ्यापैकीं लिहून घेतो. आंकडे मात्र पुन्हां वाचून पाहावे. ‘साडेसात’ आणि ‘साडेसातशें’ यांत यंत्र घोटाळतें.

२. डोंगरांतील नेटवर्क, बॅटरी व पाऊस

मेढा हें वेण्णा नदीच्या खोऱ्यांत असून दोहों बाजूंस सह्याद्रीचे फांटे आहेत. फोनच्या लहरी उजेडाप्रमाणें बहुतेक सरळ रेषेंत जातात. त्यामुळें जेथें डोंगराची आड येते, तेथें नेटवर्काची जणूं सावली पडते. बाजारपेठेंत फोन उत्तम चालतो व दोन वळणें ओलांडून शिवारांत गेलें कीं तोच मुका होतो, याचें कारण हेंच. यांत फोनचा दोष नाहीं. आपल्या शिवारांत कोणत्या टेपावर, कोणत्या झाडाखालीं नेटवर्क मिळतें, हें एकदां फिरून पाहून ठेवावें.

नेटवर्क क्षीण असेल तेथें टॉवरास गांठण्यासाठीं फोन अधिक जोरानें लहरी सोडतो व बॅटरी झपाट्यानें उतरते. दिवसभर अशा ठिकाणीं काम असेल तर विमानाच्या चिन्हाचें बटण दाबून ठेवावें; फोन शांत राहतो, कॅमेरा चालतो व बॅटरीहि टिकते.

या फोनांतील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. उन्हाची झळ हा तिचा मोठा शत्रु होय. बांधावर उन्हांत, ट्रॅक्टरच्या टपावर किंवा चुलीजवळ फोन ठेवूं नये. उशीखालीं ठेवून भरूं नये. बॅटरी नेहमीं पार उतरूं देणें व नेहमीं काठोकांठ भरून तशीच लावून ठेवणें, हीं दोन्हीहि तिचें आयुष्य कमी करितात. वीस टक्क्यांच्या खालीं न जातां ऐंशीच्या आसपास काढली तर ती अधिक टिकते. बॅटरी फुगून फोनची पाठ उचललेली दिसली, तर त्या क्षणापासून तो भरणें बंद करून दुरुस्तीस न्यावा; फुगलेली बॅटरी पेट घेऊं शकते.

आमच्याकडील पावसांत फोन भिजणें ही नित्याची गोष्ट आहे. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यांत पुरण्याची जी रूढि पडली आहे, ती बरी नव्हे. तांदळाचा कोंडा व बारीक कण फोनच्या भोंकांत शिरतात. फोन बंद करावा, बाहेरून पुसावा, भरण्याचें भोंक खालीं करून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावा व पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावूं नये. लावणीच्या दिवसांत साधी जाड प्लास्टिकची पिशवी खिशांत असावी.

३. पीक पाहणी

आतां मुख्य विषयाकडे वळूं. सातबारा म्हणजे गांव नमुना सात व गांव नमुना बारा यांचा मिळून झालेला उतारा. सात हा हक्काचा व बारा हा पिकाचा. बाराची नोंद पूर्वीं तलाठी शिवारांत फिरून करीत असत. ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व खातेदारानें स्वतःच्या पिकाची नोंद स्वतःच्या फोनवरून करावी, अशी रीत पडली. पुढें तिचें डिजिटल क्रॉप सर्व्हे हें नवें रूप आलें. या रीतींत पिकाचें छायाचित्र आपल्या गटाच्या ५० मीटरच्या आंत उभें राहून घ्यावें लागतें. घरीं बसून नोंद होत नाहीं. ५० मीटर म्हणजे आपल्या जुन्या ३३ फुटी साखळीच्या सुमारें पांच साखळ्या होत.

ही नोंद न झाली तर बारा कोरा राहतो. बारा कोरा राहिला म्हणजे अतिवृष्टीची भरपाई, पीक विमा, पीक कर्ज, हमीभावाची खरेदी या प्रत्येक ठिकाणीं ‘तुमचें पीक होतें कशावरून?’ असा प्रश्न उभा राहतो. आणि पीक तर त्या वेळीं वाहून किंवा कापून गेलेलें असतें. म्हणून भांगलणीइतकेंच हें काम शेतीचेंच काम समजावें.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानें दोन्ही छायाचित्रें काढलीं. शिवारांत नेटवर्क नव्हतें म्हणून माहिती फोनमध्येंच राहिली. घरीं येऊन ती पुढें पाठवावयाची, हें त्याच्या ध्यानांत राहिलें नाहीं. महिन्यानें चौकशी केली तेव्हां त्याच्या गटापुढें कांहींच नव्हतें. सुदैवानें खातेदारांची मुदत संपल्यावर सहायकामार्फत पाहणी होते, तींत त्यानें धांवपळ करून नोंद करवून घेतली. यावरून आम्हीं आमच्यापुरती जी पद्धत ठरविली आहे, ती अशी :

(अ) आदल्या रात्रीं बॅटरी भरावी, ॲपची दुरुस्ती घ्यावी व खातें उघडतें कीं नाहीं हें नेटवर्क असलेल्या ठिकाणींच पाहून घ्यावें.

(आ) आठ-अ चा उतारा बरोबर न्यावा. ज्यांचे पांच-सहा ठिकाणीं लहान तुकडे आहेत, त्यांनीं गट क्रमांक कागदावर क्रमानें लिहून, नोंद होईल तसतशी खूण करावी.

(इ) शेतांत गेल्यावर लगेच घाई करूं नये. झाडाखालून निघून उघड्या आभाळाखालीं चार-पांच मिनिटें उभें राहावें, म्हणजे फोनास आपली जागा नीट सांपडते.

(ई) मिश्र पीक असेल तर मुख्य व दुय्यम पीक निरनिराळें दाखवावें. पड जमीन पड म्हणूनच दाखवावी. खोटी नोंद पडताळणींत उघडी पडते.

(उ) नेटवर्कांत आल्यावर माहिती पाठवावी व नोंद झाल्याचा संदेश पडद्यावर आला, म्हणजे त्या पडद्याचेंच चित्र काढून ठेवावें. ही आपली पोंच.

(ऊ) दोन-तीन दिवसांनीं ॲपमध्यें गांवची पीक पाहणी उघडून आपलें नांव व पीक दिसतें कीं नाहीं, हें पाहावें. मुदत दरवर्षीं जाहीर होते; तिच्या शेवटच्या आठवड्यासाठीं हें काम राखून ठेवूं नये, कारण त्या दिवसांत सर्वांचीच गर्दी उसळते.

ज्यांनीं विमा उतरविला आहे, त्यांच्यासाठीं आणखी एक गोष्ट. विम्यांत स्थानिक आपत्तीचें संरक्षण असेल, तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत द्यावी लागते. रानटी जनावरांनीं केलेलें नुकसान व भातशेतींत पाणी तुंबून झालेलें नुकसान यांचा विम्यांत समावेश खरीप २०२६ पासून करण्याचें केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर केलें. त्यासहि क्रॉप इन्शुरन्स ॲपवरून जागेच्या खुणेसह छायाचित्र व ७२ तासांची अट आहे. जेथें रानडुकरें व गवे रात्रींत भाताचें खाचर तुडवून जातात, त्या आपल्या भागास ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. आपलें पीक व आपला जिल्हा सूचींत आहे कीं नाहीं, हें विमा उतरवितांनाच विचारून घ्यावें; आणि नुकसान दिसतांच आधीं छायाचित्र, मग आवराआवर, हा क्रम ठेवावा.

४. फोनची मोजणी व भाऊबंदांचा बांध

फोनास आपली जागा कशी कळते, हें समजून घेणें जरूर आहे. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह अखंड वेळेचे संकेत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत फोनास मिळाले, म्हणजे प्रत्येक संकेतास पोंचण्यास किती वेळ लागला यावरून तो आपलें स्थान काढतो. आपल्या देशाचीहि नाविक नांवाची अशीच यंत्रणा असून तिचा पहिला उपग्रह इ. स. २०१३ मध्यें सोडण्यांत आला. या कामास नेटवर्काची गरज नसते. आभाळ उघडें मात्र हवें. खोल दरींत व दाट झाडींत आभाळाचा थोडाच भाग दिसतो, संकेत कड्यावर आपटून येतात, व जागा कांहीं मीटर इकडे-तिकडे पडते.

आतां शेताभोंवतीं चालत जाऊन क्षेत्र काढणारीं ॲप पुष्कळ निघालीं आहेत. आम्हीं आमच्या उताऱ्यावर ११ गुंठे असलेल्या एका तुकड्याभोंवतीं एकाच सकाळीं तीन वेळां फेरी घातली. एकदां साडेदहा गुंठे, एकदां बारा, तर एकदां पावणेदहा गुंठे असें उत्तर आलें. जमीन तीच, चालणारे पाय तेच. याचा उलगडा सोपा आहे. गुंठा म्हणजे एक साखळी लांब व एक साखळी रुंद, म्हणजे ३३ फुटांचा चौरस. ३३ फूट म्हणजे सुमारें १० मीटर. ज्या यंत्राची चूक तीन ते पांच मीटर, कधीं त्याहूनहि अधिक, त्यानें दहा मीटरच्या गुंठ्याचा हिशोब करावयाचा. मग मोठ्या माळावर ती चूक पचून जाते, पण डोंगरउतारावरील चिंचोळ्या खाचरांत तीच चूक गुंठा-दीड गुंठ्याची होते.

यासाठीं आमचें स्पष्ट सांगणें असें आहे कीं, बियाणें, खत किंवा मजुरी यांचा अंदाज करण्यास फोनची मोजणी वापरावी; बांधाचा निकाल करण्यास वापरूं नये. फोनच्या नकाशावरील रेघ दाखवून ‘तुझा बांध माझ्यांत आला’ असें म्हणत भावाभावांनीं कुदळ उचलल्याचें आम्हीं पाहिलें आहे. त्या रेघेस कायद्यांत किंमत नाहीं. हद्दीची शंका असेल तर भूमि अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा व मोजणीदार खुणा दाखवितील त्या मानाव्या. मोजणीची फी ही वकिलाच्या फीपेक्षां नेहमींच स्वस्त पडते.

५. उतारा

महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा विनामूल्य पाहतां येतो. परंतु तो केवळ माहितीसाठीं असतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये भरून मिळतो व तो कामास चालतो. एवढ्यासाठीं दिवसाची मजुरी व एस. टी. चें भाडें खर्चून तालुक्यास येण्याची गरज राहिली नाहीं, हा फोनचा मोठाच उपकार होय.

परंतु उतारा काढणें आणि उतारा वाचणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आमच्या नोकरींत आम्हीं असे अनेक खातेदार पाहिले कीं, ज्यांनीं बापाच्या पश्चात् वीस वर्षें उतारा डोळ्यांखालून घातला नव्हता. आतां तो घरीं बसून दिसतो, तेव्हां वर्षांतून दोनदां तरी पाहावा. नांवें बरोबर आहेत काय, वारसांत बहिणींचीं व आईचें नांव लागलें आहे काय, फेडलेल्या कर्जाचा बोजा इतर हक्कांत तसाच राहिला आहे काय, न कळणारा एखादा फेरफार क्रमांक दिसतो काय, हें पाहावें. संशय आल्यास गांवच्या तलाठ्याकडे, म्हणजे हल्लींच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, त्वरित लेखी विचारणा करावी. फेरफारावर हरकत घेण्यास मुदत असते. ती निघून गेल्यावर अपिलाच्या खेपा घालाव्या लागतात.

६. हवा, वीज व सल्ला

हवामान खातें, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था व भारतीय कृषि अनुसंधान परिषद यांनीं इ. स. २०१९ मध्यें मेघदूत हें ॲप काढलें. त्यांत पुढील कांहीं दिवसांचा अंदाज व दर मंगळवारीं व शुक्रवारीं शेतीचा सल्ला येतो. आम्ही फवारणी व कापणी यांचा बेत त्यावरून करितों. तथापि अंदाज हा एका मोठ्या टापूचा असतो. एका खोऱ्यांत कोसळतो व दुसऱ्यांत ऊन पडतें, हा आपल्या भागाचा स्वभाव तो जाणत नाहीं. तेव्हां अंदाज वाचावा व मग अंगणांत येऊन डोंगराकडेहि पाहावें.

त्याच पुण्याच्या संस्थेचें दामिनी नांवाचें ॲप आपल्यापासून २० व ४० किलोमीटरच्या आंत वीज पडत असल्यास इशारा देतें. वळवाच्या दिवसांत माळावर गुरें राखणाऱ्याच्या फोनवर हें असावेंच. नेटवर्क नसेल तेथें जुना हिशोब उपयोगी पडतो : चमक दिसल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजावे, दर तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरांत जावें. एकट्या झाडाखालीं थांबूं नये.

पिकाच्या रोगावर फोन विचारतां क्षणीं उत्तर देतो, परंतु औषधाचें प्रमाण मात्र डब्यावरील चिठ्ठीशीं ताडल्याशिवाय घेऊं नये. ज्यांस वाचण्यापेक्षां बोलणें सोयीचें, त्यांनीं १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या विनामूल्य नंबरावर मराठींतून विचारावें. त्यास इंटरनेट लागत नाहीं.

७. अंगठा, पिन व ओटीपी

इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. न वाचतां केलेल्या अंगठ्याखालीं काय लिहिलें आहे, हें त्यांस माहीत नसे. पुढें इ. स. १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होऊन, शेतकऱ्याचा दस्त गांवच्या रजिस्ट्रारासमोर होऊं लागला. अंगठा उठण्यापूर्वीं मजकूर समजावा, एवढेंच त्याचें मर्म होतें.

आज अंगठ्याची जागा ओटीपीनें व पिननें घेतली आहे. फोनवर येणारे सहा आंकडे कोणास सांगणें म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणें होय. फरक इतकाच कीं, सावकार गांवांतलाच होता आणि हा चोर कोठें बसला आहे, तें कळत नाहीं. आणि येथें शेजारीं बसलेला रजिस्ट्रार नाहीं. मजकूर समजून घेण्याचें काम आपलें आपणच करावें लागतें.

अलीकडे जी फसवणूक फार चालली आहे, तिचा प्रकार असा : व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नांवाची एक फाइल येते. तिच्या नांवाच्या शेवटीं एपीके हीं अक्षरें असतात. ‘हप्ता अडला आहे, हें उघडा’ असा मजकूर असतो व पुष्कळदां ती ओळखीच्याच माणसाच्या नंबरावरून येते, कारण त्याचा फोन आधींच बळी पडलेला असतो. ती उघडून बसविली कीं, ती संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली म्हणजे बँकेचा ओटीपी आपणांस दिसण्यापूर्वीं चोरास दिसतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची सोयाबीनची सारी पट्टी अशीच एका रात्रींत गेली. मुलीच्या शिक्षणासाठीं ती ठेवलेली होती.

यावर उपाय कठीण नाहींत. ॲप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यावें व तेथेंहि तें कोणी काढलें आहे, हें वाचावें. अनोळखी ठिकाणचें ॲप बसविण्याची परवानगी सेटिंगमध्यें बंद ठेवावी. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं थेट खात्यांत येतात. ते मिळण्यासाठीं कोणतीहि फाइल उघडावी लागत नाहीं. हप्ता अडला असेल तर केवायसी अधिकृत ॲपवर किंवा सेवा केंद्रांत करावी. यूपीआयचा पिन पैसे घेतांना लागत नाहीं. पैसे घेण्यासाठीं जो पिन मागतो, तो चोर समजावा. ज्या खात्यांत मोठी रक्कम आहे, तें खातें फोनच्या यूपीआयशीं जोडूं नये. रोजच्या खर्चासाठीं लहान खातें निराळें ठेवावें. धान्याची कणगी आपण ओसरीवर ठेवीत नाहीं. रोजचें पायलीभर तेवढें बाहेर काढतों, तसेंच हें आहे.

इतकेंहि करून घात झालाच, तर लाजून गप्प बसूं नये. ताबडतोब १९३० या नंबरावर कळवावें व बँकेस कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत पळत असतात. जितक्या लवकर कळवावें तितके ते वाटेंत अडविले जाण्याचा संभव अधिक. रिझर्व्ह बँकेच्या इ. स. २०१७ च्या परिपत्रकाचें तत्त्व असें आहे कीं, ग्राहकाच्या निष्काळजीपणानें गेलेली रक्कम बँकेस कळवीपर्यंत ग्राहकाची व कळविल्यानंतरची बँकेची. म्हणजे येथेंहि पोंच हाच आधार.

८. नंबर व घरची माणसें

नवा फोन घेतला कीं नवा नंबर घेण्याची अनेकांस हौस असते. ती टाळावी. आधार, बँक, पीक पाहणी व अनुदान हीं सर्व जुन्या नंबरावर बांधलेलीं असतात. नंबर बरेच दिवस न वापरतां ठेवला तर तो बंद होऊन पुढें दुसऱ्या कोणास दिला जातो. मग आपला ओटीपी परक्याच्या हातीं पडतो. नंबर बदलणें भागच असेल, तर आधीं आधार केंद्रांत व बँकेंत नवा नंबर लावावा, मगच जुना सोडावा.

शेवटची गोष्ट घरांतील आहे. मुलाच्या मदतीनें फोन शिकावा, पण पिन आपलाच असावा. मुलगा पुण्या-मुंबईस नोकरीस गेला म्हणजे बापाचा सातबारा व आईचें खातें दोन्ही त्याच्याबरोबर जावीं, अशी स्थिति कित्येक घरीं झाली आहे. घरांत जिच्या नांवावर जमीन आहे, त्या स्त्रीनेंहि आपलें खातें स्वतः उघडून पाहण्यास शिकलें पाहिजे. आणि पिन, आयएमईआय, खाते क्रमांक या सर्वांपैकीं पिन सोडून बाकीचें एका वहींत लिहून कपाटांत ठेवावें. पिन मात्र डोक्यांत असावा.

सारांश, स्मार्टफोन हा शेतकऱ्याच्या खेपा वांचवितो, त्याचा उतारा त्याच्या डोळ्यांपुढें आणतो व त्याच्या पिकाची साक्ष त्यासच देऊं देतो. पूर्वीं जें दप्तर दुसऱ्याच्या हातीं होतें, त्याचा कांहीं भाग आतां आपल्या खिशांत आला आहे. दप्तर हातीं आलें म्हणजे जबाबदारीहि हातीं येते. येत्या हंगामांत प्रत्येक वाचकानें निदान तीन कामें स्वतः करावीं : आपला उतारा काढून वाचावा, आपल्या पिकाची नोंद करून पोंच ठेवावी, व १९३० हा नंबर घरांतील प्रत्येकास पाठ करवावा. इतकें झालें तरी फोनची किंमत वसूल झाली, असें समजण्यास हरकत नाहीं.